चुकलेली सम

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर गाणे ठेवायचे आणि गाणे संपल्यावर आटीव दूध प्यायचे, असा आमच्या चाळीचा जुना रिवाज. चाळ पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा हा रिवाजही सहा जिने चढून वर आला. (खरे म्हणजे लिफ्टने आला, पण तसे लिहायला हात धजत नाही.)

गेल्या कोजागिरीला गायला आलेल्या बाई साठीकडे झुकलेल्या. त्यांनी बागेश्री धरला. विलंबित एकताल. मात्रा अवघ्या १२, पण त्या संथ लयीत एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिट सहज लागते. बंदिश म्हणाल तर दोन-चार ओळींची. एवढ्या भांडवलावर तासभर संसार करायचा! पुढचे पाऊल कुठे पडणार हे आधी ठरलेले नसते. कुठेही हिंडा, समेला मात्र घरी परतायचे. ही परतायची वेळच मला नेहमी धास्तीची वाटते.

धास्तीला कारण आहे. लहानपणी मी गाणे शिकत होतो. ताना वहीत लिहून घ्यायच्या आणि पाढ्यांसारख्या पाठ करायच्या, अशी ती शिकवणी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये भूप म्हणायला बसलो आणि चौथ्या तानेला वहीचे पानच डोळ्यांपुढून उडाले. तबला चालू, मी गप्प. पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांनी मान खाली घातली. घरी आल्यावर ते एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यानंतर मी चारचौघांत गायलो नाही, घरातही नाही.

तर बाई रंगात आल्या होत्या. धैवतावरून मध्यमावर येऊन तिथेच रेंगाळत होत्या, आणि मुखडा उचलायला त्यांना क्षणभर उशीर झाला. तबल्याची सम पडून गेली. बाई मागेच राहिल्या. मागच्या सतरंजीवरून कुणीतरी 'च्‌च' केले. माझ्या पोटात गोळा आला.

बाईंनी तबलजीकडे पाहिले आणि चक्क हसल्या. पुढच्या आवर्तनाला त्यांनी मुखडा तितकाच उशिरा उचलला आणि सम पडून गेल्यावर अर्ध्या मात्रेने येऊन टेकल्या. त्याच्या पुढच्या आवर्तनालाही तसेच. समेनंतर असे मुद्दाम येण्याला 'अतीत' म्हणतात, हे मला शिकवणीतले आठवत होते. तबलजीने तेवढ्यात खूण ओळखली होती. त्या अर्ध्या मात्रेवर त्याने हलकेच थाप ठेवली. चौथ्यांदा बाई नेमक्या समेवर आल्या आणि सगळी गच्ची 'वा!' म्हणून उठली. 'च्‌च' करणाऱ्याचाच आवाज त्यात मोठा होता.

दुधाचा पेला हातात देताना मी विचारले, "बाई, ती पहिली सम मुद्दामच सोडलीत ना?"

"छे हो, चुकलीच की! मग तिला टाकून कुठे देणार? घेतली पदरात."

"भीती नाही वाटली?"

"वाटते ना. अजून वाटते." आणि त्यांनी दुधातली चारोळी बोटाने बाजूला केली.

भाच्याने सारे गाणे मोबाइलवर उतरवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ऐकले. ध्वनिमुद्रणाला मी नावे ठेवणार नाही. साडेतीन मिनिटांच्या मुद्रणामुळेच केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात जाऊ शकली. पण काल चुकलेली ती सम आज आली, तेव्हा पोटात गोळा आला नाही. बाई सावरणार हे मला ठाऊक होते. काल ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

मोबाइल बंद केला आणि नकळत तो मुखडा गुणगुणू लागलो. दोन सूर नीट लागले, तिसरा भलताच. थांबलो नाही. स्वयंपाकघरातले लाटणे थांबले आणि पिठाच्या हातांनी मंडळी दारात येऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझे गाणे ऐकले नव्हते.

"अहो, कालचं काही असं नव्हतं!"

तसे नव्हतेच. पुढे काय येते, ते मीही पाहत होतो.