दाराचा नंबर ८४४३

"८४४३ वर टाकलंय ना, मग सेफच आहे!" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की म्हटलं या वीकएंडला लिहूनच टाकू.

पोर्ट म्हणजे नुसता दाराचा नंबर. एचटीटीपीएसचं ठरलेलं दार ४४३. पण तिथे आधीच दुसरं काहीतरी चालू असतं, किंवा युनिक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट घ्यायला लागणारे रूटचे अधिकार आपल्याकडे नसतात. मग आपण ८४४३ घेतो. सोय म्हणून ठीक आहे. पण स्कॅनर लावून बसलेल्याला सगळी ६५,५३५ दारं वाजवायला कितीसा वेळ लागतो?

कुलूप लागतं ते टीएलएसने. एनजिनएक्समध्ये 'लिसन ८४४३' च्या पुढे 'एसएसएल' लिहायचं, सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट कीचे पाथ द्यायचे, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडायचा. तो 'एसएसएल' शब्द राहिला, तर ८४४३ वर सगळा कारभार उघड्यावर! टीएलएस १.० आणि १.१ तर २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाले, तेव्हा फक्त १.२ आणि १.३ ठेवायचे.

खरी मेख पुढे आहे. सर्टिफिकेट असतं नावाचं, पोर्टचं नाही. ४४३ वर चालणारं सर्टिफिकेट ८४४३ वरही चालतं. पण 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून ते फुकट घ्यायचं, तर नाव तुमचंच आहे ना, हे तपासायला ते ८० किंवा ४४३ वरच येतात. ८४४३ वर कुणी फिरकत नाही. ही दोन्ही दारं बंद असतील तर डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून नाव सिद्ध करायचं. तेही स्क्रिप्टने, कारण हे सर्टिफिकेट फार तर ९० दिवस टिकतं.

एवढं कोण करणार? मग सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट ठोकलं जातं आणि सगळ्यांना मेल जातो: "वॉर्निंग आली तर ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा."

माझा राग आहे तो या मेलवर. मध्ये कुणीतरी तिसराच बसलाय, हे सांगायला ब्राउझरकडे तेवढी एकच वॉर्निंग आहे. अकाउंट्समधला माणूस पगाराची स्लिप बघायला दर महिन्याला ती न वाचता ओलांडतो. उद्या बँकेच्या साइटवर तीच वॉर्निंग आली, तर त्याचा हात कशाला थांबेल? ती सवय त्याला आपणच लावलेली असते.

तेव्हा मंडळी, पोर्ट हवा तो घ्या. पण तो मेल पाठवायच्या आधी तासभर काढून तो टीएक्सटी रेकॉर्ड टाका.