पाणी कठीण, भात सोपा

लकवा येऊन गेल्यावर बाबांना सगळ्यांत जड गेलं ते पाणी. मऊ भात उतरत होता, पिकल्या पपईची फोड उतरत होती. पण फुलपात्रातला एक घोट घेतला की ठसका. भेटायला येणारे सांगत, "आजारी माणसाला पातळच द्या, हलकं पडतं." पोटाला पडत असेल. घशाचं गणित निराळं असतं.

घास घशातून खाली जायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वासनलिकेवर पडदा झुकतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. बाबांच्या बाबतीत हे सगळं किंचित उशिरा सुरू व्हायचं. दाट घास जिभेवरून सावकाश सरकतो, त्यामुळे तो उशीर खपून जातो. पाणी वाट पाहत नाही.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी आधी बैठक बदलली. पलंगावर उशांना रेलून जेवणारे बाबा खुर्चीत आले. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. घोट तोंडात धरायचा, हनुवटी छातीकडे झुकवायची, मग गिळायचं. तसं केल्याने जिभेचं मूळ मागे सरकतं आणि श्वासनलिकेचं तोंड अरुंद होतं. बाबांची जन्माची सवय नेमकी उलट होती: तांब्या उंच धरून, मान मागे टाकून वरून पाणी प्यायचं. उभ्या अरुंद पेल्यातही तळाच्या घोटासाठी मान मागे जातेच, म्हणून त्यांच्यासाठी पसरट वाटी आली.

मग स्वयंपाकघराची पाळी. अन्नाचा पातळ-दाटपणा ठरवायला 'इड्सी' नावाची आंतरराष्ट्रीय मोजणी आहे, 0 ते 7 पायऱ्यांची. ठराविक मापाची, सुई नसलेली सिरिंज खालचं तोंड बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत भरायची, बोट काढायचं आणि 10 सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. 1 मिलीहून कमी उरलं तर ते पाण्याइतकं पातळ. 4 ते 8 मिली उरलं तर 2 क्रमांकाची पायरी. आई नाचणीचं सत्त्व असं मोजू लागली, तेही निवल्यावर, कारण गरम असताना ते फसवं पातळ असतं. तोंडातला चमचा पुन्हा वाटीत बुडवणं बंद झालं. लाळेतलं अमायलेज पिष्ट फोडतं आणि दाट केलेलं पुन्हा पातळ होतं. दुधात कुस्करलेली पोळी सर्वांत अवघड, कारण दूध पुढे धावतं आणि तुकडे मागे राहतात. ती दूध पूर्ण शोषेपर्यंत भिजवावी लागे. दाट केलेला चहा मात्र बाबांना कधीच आवडला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

ठसका लागणं हा निदान इशारा तरी असतो. काहींना लकव्यानंतर तोही लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. हनुवटी झुकवणंही प्रत्येकाला मानवतं असं नाही. म्हणून लकव्याच्या रुग्णाला पहिला घोट देण्याआधी तज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास त्याला आडवं होऊ देऊ नका.