चाकांवरचं घर आणि पाण्याची टाकी



गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा जोडीदार सहा दिवस भाड्याची कॅरव्हॅन घेऊन कोकण किनाऱ्याने फिरून आलो. फोटो पाहून एका कार्यकर्त्या मित्राने फोन केला, "काय ताई, चळवळ सोडून समुद्र कधीपासून?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण त्या सहा दिवसांत माझ्याकडून एक चूक झाली, ती लपवून नुसते फोटो दाखवत राहणं बरोबर नाही.

आधी कॅरव्हॅनच का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही निवास-न्याहारीची खोली फोनवर ठरवली होती. दारात पोचल्यावर मालकांनी चहा विचारला. मग आडनाव विचारलं, मग मूळ गाव, आणि मग गावातली वाडी. वाडी कळल्यावर त्यांना आठवलं, की खोलीचा पंप बिघडलाय. एकही अपशब्द नाही, आवाज चढलेला नाही. आम्ही रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली. एम.ए.ला समाजशास्त्र घेऊन जातीवर ढीगभर पानं लिहिलेली मी, त्या रात्री जोडीदाराशी एक वाक्य बोलू शकले नाही.

म्हणून यंदा चाकांवरचं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटं बेसिन आणि पाण्याची टाकी. ही खोली आडनाव विचारत नाही, याचाच आनंद जास्त होता. माझ्या सासूबाई मंडणगडकडच्या. निघताना म्हणाल्या, "आमचा जन्म त्या दर्याच्या अंगाला गेला, पण पाय बुडवायला सवड कुणाला होती?"

मुंबई-गोवा महामार्गाने महाडच्या अलीकडे दासगाव लागतं. गाडी बाजूला घेऊन सावित्रीची खाडी पाहिली. डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी, बाबासाहेब आणि कार्यकर्ते मुंबईहून बोटीने इथे उतरले होते. धरमतरमार्गे आले असते तर बसवाल्यांनी बहिष्कार टाकण्याची भीती होती. दासगावहून महाड पायी गाठता येत होतं. आपल्या लोकांना प्रवासाचा मार्ग ठरवतानासुद्धा कोण नकार देईल याचा हिशेब करावा लागे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं असेल त्यांना लहानग्या भीमाची १९०१ मधली बैलगाडी आठवेल. गाडीवानाने दुप्पट भाडं घेतलं, वर गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून मुलं उपाशी झोपली.

आंबडवे पाहून आम्ही केळशी, आंजर्ले, हर्णै असे किनाऱ्याला लागलो. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मागचं दार उघडून आम्ही दोघं पायरीवर चहा पीत बसलो. लग्नाला सात वर्षं झाली, पण सभा, शिबिरं आणि पोलीस ठाण्याच्या खेपा सोडून आम्ही दोघांनी केलेला हा पहिला प्रवास.

तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली. कॅरव्हॅनला रस्ता पुरतो हा आमचा समज तिथे संपला. तिला रोज कुणाचं तरी पाणी लागतं. एका बागेच्या मालकांनी पैसे घेऊन अंगणात गाडी लावू दिली होती. त्यांच्याकडे पाण्याचा पाइप मागितला. त्यांनी सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?" जोडीदाराने तोंड उघडायच्या आत मी दुसरंच, कुठल्याही जातीत खपेल असं आडनाव सांगितलं. पाइप मिळाला. वर दोन शहाळीही मिळाली.

त्या रात्री मला ते पाणी पिववेना. जोडीदार एवढंच म्हणाला, "विचारलं त्यांनी, पण नाव तू पुसलंस."

दुसऱ्या दिवशी वणंदला गेलो. रमाईंचं माहेर. तिथून दाभोळ. रमाईंचे वडील याच बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आज तिथून धोपाव्याला फेरीबोट सुटते, आणि आम्ही आमचं चाकांवरचं घर त्या बोटीवर चढवून उभे होतो. रमाईंना पंढरपूरला जायचं होतं. जिथे आपल्याला मंदिराबाहेर उभं केलं जातं तिथे जायचं नाही, आपण दुसरी पंढरी उभारू, ही बाबासाहेबांची भूमिका. तेही खोटं नाव सांगून आत शिरण्याचा विचार करू शकले असते. चवदार तळ्यावर हजारो माणसं २० मार्च १९२७ ला गेली ती रात्री लपून नव्हे. आम्ही कोण आहोत हे सांगून, भर दिवसा.

गुहागरच्या बाजूला पुन्हा पाणी लागलं. या वेळी आधीच सांगितलं, "आम्ही बौद्ध. टाकी भरायची आहे." ते गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "पाइप विहिरीजवळ आहे, तुम्हीच घ्या." शहाळी मिळाली नाहीत. पण ते पाणी मी प्याले.

त्याच संध्याकाळी जवळच्या बौद्धवाडीत गेलो. वाट अरुंद, गाडी रस्त्यावरच ठेवावी लागली. एक आजी म्हणाल्या, "अगो बाय, घरं असताना गाडीत कशाला झोपता?" वाडी समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. पर्यटक तिथवर पोचत नाहीत.

मित्रांनो, प्रश्न इथे आहे. २०२१ मध्ये राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन पार्क काय किंवा निवास-न्याहारी काय, त्याला रस्त्यालगतची, किनाऱ्याजवळची जमीन लागते. कोकणात ती कुणाकडे राहिली हे खोतीचा इतिहास सांगतो. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, ते याच मातीसाठी. म्हणून पर्यटनाचा प्रश्नही जमिनीचा प्रश्न आहे.

संविधानाच्या कलम १५(२) ने हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली आहे. पण "पंप बिघडलाय" या वाक्यावर कलम लावायचं तर पुरावा लागतो. म्हणून फिरा. खोली ठरवल्याचा निरोप, नकाराची तारीख, वेळ, दोघांचं म्हणणं लिहून ठेवा. आणि ज्यांच्या वाड्या किनाऱ्याजवळ आहेत त्यांनी बचत गटातून दोन खोल्या तरी पाहुण्यांसाठी काढा. मुंबई-पुण्याची आपली माणसं तिथे येतील.

कॅरव्हॅन वाईट नाही. पुन्हा पैसे जमले तर आम्ही पुन्हा जाऊ. पण तिने मला नकारापासून वाचवलं नाही, फक्त तीन दिवस लांबवलं. या वेळी पुढच्या काचेवर 'जय भीम' लिहूनच निघणार आहे. सासूबाईंनाही सोबत नेणार. त्यांचे पाय अजून बुडवायचे राहिलेत.

जय भीम, नमो बुद्धाय.