चांगथांगच्या नकाशातील पावले

१/ जुलै १८७४. लेहहून एक छोटी टोळी पूर्वेकडे निघाली. ओझी मेंढ्यांच्या पाठीवर होती. तिबेटच्या हद्दीत शिरताना सर्वांनी लामांचा वेष घेतला. टोळीचा प्रमुख नैनसिंह रावत; कुमाऊंमधील मिलम गावचा, एकेकाळचा शाळामास्तर आणि आता ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचा गुप्त मोजणीदार.

२/ पुढे होते चांगथांग : चार हजार मीटरहून उंच, वृक्षहीन, खाऱ्या सरोवरांचे शीत वाळवंट. परकीय मोजणीदारांना तिबेट बंद होते. साखळी टाकून जमीन मोजणे अशक्य. म्हणून मोजमापाचे साधन उरले ते माणसाचे पाऊल. देहरादूनला नैनसिंहांनी समान अंतराची पावले टाकण्याचा सराव केला होता. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत. दर शंभर पावलांना एक मणी सरके.

३/ उंची कशी कळे? पाणी उकळून. जितके उंच जावे तितक्या कमी तापमानाला पाणी उकळते. अक्षांश मिळे तो सेक्स्टंटने सूर्य व तारे वेधून.

४/ खरी अडचण येथेच होती. उत्तर-दक्षिण प्रवासात पावलांची चूक तारे दाखवून देतात. हा प्रवास मात्र मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे होता. रेखांशासाठी अचूक वेळ हवी. ती देणारे साधन जवळ नव्हते. त्यामुळे अंतराची भिस्त पावलांवरच राहिली. दूरच्या हिमशिखरांच्या दिशा वाटेवरील वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपून नकाशात त्यांच्या जागा ठरत. वाट चुकीची मोजली, तर पर्वतही जागचे हलणार!

५/ नोव्हेंबरात टोळी ल्हासाला पोहोचली. तेथे लेहच्या एका व्यापाऱ्याने नैनसिंहांना ओळखले. पकडले गेल्यास जिवाबरोबर नोंदीही जाणार होत्या. त्यांनी नोंदी दोन साथीदारांबरोबर लेहला धाडल्या आणि स्वतः दक्षिणेची वाट धरली. मार्च १८७५ मध्ये तवांगमार्गे ते आसामात उतरले.

६/ हाती आले ते असे : १,३१९ मैलांची वाट, त्यांपैकी सुमारे १,२०० मैल तोवर अज्ञात; उंचीसाठी ४९७ निरीक्षणे. मोबदल्यात प्रकृती ढासळली, दृष्टी अधू झाली.

७/ १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. साम्राज्याला तो नकाशा कशासाठी हवा होता, हे उघड आहे. तिबेटने त्याला संमती दिली नव्हती, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनही एक उरतेच : त्या पर्वतरांगा आशियाच्या नकाशावर प्रथम उमटल्या, त्या एका थकलेल्या माणसाने आपले पाऊल लहान-मोठे होऊ दिले नाही म्हणून.