मरोद्याचा बाजार : जमीन कुणाची, गिऱ्हाईक कुणाचे

नियोजित वसाहतीत घर केवढे असावे, शाळा किती अंतरावर असावी, दुकानांचे गाळे किती बांधावेत, हे सारे नकाशावर ठरवता येते. लोक भाजी कोठे घेतील हे मात्र नकाशावर ठरत नाही. भिलाईतल्या मरोद्यात राहू लागल्यापासून मी या एका गोष्टीकडे जरा बारकाईने पाहत आले आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात बाजार म्हणजे मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा. येथे त्यांना जागा, वेळ आणि जमिनीचा मालक अशी आणखी तीन परिमाणे येऊन मिळतात, आणि प्रशासनाचे खरे काम तेथेच अडते.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता, म्हणून दुर्ग-राजनांदगाव भागात मराठी घरे जुनीच. कारखान्याबरोबर क्रमांकाने ओळखले जाणारे सेक्टर उभे राहिले. मरोदा सेक्टर, रिसाली, रुआबांधा हे त्याच वसाहतीचे दक्षिणेकडचे भाग. पण मरोदा म्हणजे केवळ सेक्टर नव्हे. कारखान्याला पाणी पुरवणारा मरोद्याचा जलाशय आहे, दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्टेशन आहे, स्टेशन मरोदा आणि नेवईची दाट वस्ती आहे. एका बाजूला रांगेत उभी क्वार्टरे, दुसऱ्या बाजूला वाटेल तशी वाढलेली घरे, आणि या दोहोंच्या मध्ये बाजार.

बाजारही दोन प्रकारचा. एक गाळ्यांचा. त्यात किराणा, वह्या-पुस्तके, शिंपी, सायकल दुरुस्ती, मिठाई अशी घरची माणसे चालवतात ती दुकाने. मी ज्या दुकानातून किराणा घेते तेथे गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीच्या उधारीच्या वह्या अजून आहेत. पूर्वी या वह्यांचे गणित सोपे होते, असे दुकानदार सांगतात. कारखान्याचा कायम कामगार महिन्याची यादी पाठवी, माल घरपोच जाई, पगार झाला की हिशेब चुकता होई. उधारी बुडण्याची भीती जवळजवळ नव्हतीच, कारण गिऱ्हाइकाच्या पाठीशी पोलादाचा कारखाना उभा होता. आता कायम कामगारांची संख्या पुष्कळ घटली आहे आणि कंत्राटी कामगारांची वाढली आहे. कंत्राटी कामगाराची मजुरी कमी, तिचा दिवसही नक्की नाही. तो महिन्याची यादी करत नाही. वीस रुपयांचे तेल, दहा रुपयांची साखर, एक साबणाची वडी असे रोज संध्याकाळी नेतो. दुकानदाराला त्याच विक्रीसाठी आता कितीतरी वेळा तराजू हातात धरावा लागतो, आणि उधारी कोणाला द्यायची हे प्रत्येक वेळी माणूस पाहून ठरवावे लागते. रोजगाराचे स्वरूप बदलले हे समजण्यासाठी मी अनेक अहवाल वाचले आहेत, परंतु या वह्यांची पाने कशी आखडत गेली हे पाहून जे कळले ते त्यांतून इतक्या स्पष्टपणे कळले नव्हते.

दुसरा बाजार जमिनीवरचा. छत्तीसगढीत त्याला 'पसरा' म्हणतात. आपल्या 'पसाऱ्या'चाच हा भाऊ, फक्त येथे त्याला कोणी नावे ठेवत नाही. गोणपाट अंथरले, त्यावर भाजीचे ढीग मांडले की दुकान झाले. उतई-पाटणच्या बाजूने भाजी येते, हंगामात धमध्याकडचे टोमॅटो येतात. विदर्भातून आलेल्या माणसाला येथे निम्म्या भाज्या ओळखीच्या निघतात, नावे तेवढी बदललेली. आपली अंबाडी येथे 'अमारी', काटवल म्हणजे 'खेकसी', शेवगा नागपूरकडल्यासारखाच 'मुनगा'. अळूचे कंद 'कोचई' या नावाने गोंदियाकडेही मिळतात. लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांना येथे 'तिवरा भाजी' म्हणतात आणि ती थंडीतले थोडेच दिवस असते. बोहार भाजी तर वर्षातून काही आठवडेच, आणि तिचा भाव ऐकून नवा माणूस दचकतो. पावसाळ्यात जंगलातली अळंबी 'पुटू' या नावाने येते. तिची घासाघीस करण्यात अर्थ नसतो, कारण मागे दुसरे गिऱ्हाईक उभेच असते. पोळ्याच्या आधी मातीचे नंदी आणि मुलींसाठी मातीची जाती-भांडी मांडलेली दिसली की मला परप्रांतात असल्याचे भान राहत नाही.

मोजून झाल्यावर वर जी मूठभर भाजी टाकतात तिला 'पुरौनी' म्हणतात. ती मागायची नसते, मिळते. महिनाभर दुसरीकडून भाजी घेऊन मग आलात तर मिळत नाही, हेही मी पाहिले आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून 1978 मध्ये एक लहानसा प्रबंध लिहिला. बाजारात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे खात्रीची माहिती, आणि ती मिळवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे एका विक्रेत्याशी बांधून घेणे, असा त्याचा आशय. मरोद्यात त्याला वेगळे काही सापडले नसते. आजची भाजी आजची आहे की कालची, हे मला माझी भाजीवाली सांगते आणि कालची असेल तर दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवते. मूठभर पुरौनी ही त्या संबंधाची वर्गणी म्हणायची.

आता अडचणीच्या भागाकडे येते. हे पसरे रस्त्याच्या कडेला बसतात. तेथे वाहतूक अडते, संध्याकाळी पालापाचोळा उरतो, गुरे जमतात, आणि परवाना असलेले भाडेकरू दुकानदार रास्त तक्रार करतात की भाडे आम्ही भरायचे आणि गिऱ्हाईक त्यांनी न्यायचे. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे मागच्या बाजूला सिमेंटचे ओटे बांधणे आणि मग पसरे हटवण्याची मोहीम काढणे. अशी एक मोहीम मी जवळून पाहिली. गाडी आली, तराजू आणि टोपल्या उचलल्या गेल्या, तासाभरात रस्ता मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जेथल्या तेथे. माझ्या नेहमीच्या भाजीवालीला मी विचारले, "दाई, ओट्यावर का बसत नाहीस?" ती म्हणाली, "उहाँ कोन आही दीदी? गिराहिक त इही रद्दा ले जाथे."

गिऱ्हाईक याच रस्त्याने जाते, हे तिचे म्हणणे एखाद्या स्थाननियोजनाच्या अहवालापेक्षा अचूक आहे. कारखान्याच्या पाळ्या सहा, दोन आणि दहाच्या. सायकलवरून घरी परतणारा कामगार ज्या वळणावर वेग कमी करतो, नेमका तेथेच पसरा असतो. ओटा शंभर पावलांवर असला तरी त्यासाठी सायकल वळवावी लागते. नाशवंत माल विकणाऱ्या बाईला दिवसातले दोन-तीन तासच खरे मोलाचे असतात. ते गेले की अमारीची जुडी पाच रुपयांनाही जात नाही.

कायद्याने हे जाणलेले नाही असे नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविका संरक्षणाचा 2014 चा केंद्रीय अधिनियम 'नैसर्गिक बाजार' ही संज्ञा वापरतो, म्हणजे विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे जमतात ती जागा. सर्वेक्षणात अशी ठरलेली जागा विक्रीबंदीचे क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. हटवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि जप्त केलेला नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत करावा लागतो. वेळ वाटून जागा वापरण्याची तरतूदही त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया.

पण ही समिती नेमायची कोणी आणि तिचे ऐकायचे कोणी? येथे जमीन कारखान्याची. सेक्टरचे रस्ते, पाणी, गाळे यांची व्यवस्थाही त्याच्याच नगर विभागाकडे. मतदार मात्र रिसाली महानगरपालिकेचे, जिची पहिली निवडणूक डिसेंबर 2021 मध्ये झाली. त्यात स्टेशनलगतची जागा रेल्वेची, आणि रेल्वेच्या जमिनीला हा अधिनियम लागूच नाही. म्हणजे गोणपाट चार हात सरकले की त्यावरचा कायदा बदलतो. अधिनियमातली स्थानिक प्राधिकरणाची व्याख्या पुरेशी सैल आहे. नागरी सेवा देणारी आणि पथविक्रीचे नियमन करण्याचा अधिकार असलेली इतर संस्थाही तीत बसू शकते. त्यामुळे कारखाना आणि महापालिका यांनी एकत्र बसून संध्याकाळच्या तीन तासांची आखणी केली, तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कर्ब सोडून दोन हात आत चुन्याची रेघ, कचऱ्यासाठी एक गाडी आणि वेळेचा फलक, एवढ्यात बरेच भागेल. ओट्यांवर झालेल्या खर्चापेक्षा हे स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच ते सुचत नसावे. रेघेची निविदा काढण्यात कोणाला रस?

छोट्या दुकानांना संरक्षण द्यावे का, हा प्रश्न श्रीमंत देशांनाही पडला आहे. नॉर्वेने 1999 मध्ये गावाबाहेर तीन हजार चौरस मीटरपेक्षा मोठी खरेदी-केंद्रे उभारण्यास पाच वर्षांसाठी मनाई केली, ती गावांतल्या मध्यवर्ती पेठा ओस पडू नयेत म्हणून. आपल्याकडे भिलाईत मॉल आला, मोबाइलवरून माल मागवणे आले, तरी मरोद्याचा पसरा हटला नाही. त्याला धोका मॉलचा नसून मोहिमेचा आहे. उलट नवे तंत्र त्याने चटकन उचलले. गोणपाटाच्या कोपऱ्यावर क्यूआर कोडचा पत्रा उभा असतो आणि पैसे जमा झाल्याचे यंत्र मोठ्याने सांगते. 2020 च्या जूनमध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज दहा हजारांचे होते. ज्यांनी ते फेडले त्यांना पुढचे, अधिक रकमेचे मिळाले.

माझ्या भाजीवालीचा अर्ज तिच्या नातवाने भरला, तेव्हा मी तेथे उभी होते. 'विक्रीचे ठिकाण' या रकान्याशी तो थांबला आणि आजीला विचारू लागला. तिने जागा सांगितलीच नाही. म्हणाली, "पाली छूटे के बेरा." पाळी सुटते ती वेळ. त्या अर्जात वेळेचा रकाना नव्हता. मुलाने थोडा विचार केला आणि लिहिले : मरोदा.