पडण्याचे कारण

आमच्या घरामागे चिऱ्यांचा एक उंच गडगा होता. मी सातवीत असताना बांबूच्या कामट्या आणि एक जुने धोतर घेऊन पंख तयार केले, ते धाकट्या भावाच्या खांद्यांना बांधले आणि त्याला गडग्यावरून उडी मारावयास सांगितले. पंख मोडले, भावाचा हातही मोडला. "कित्याक पडलो रे तो?" आईने विचारले. "पांय निसरलो," मी उत्तरलो. त्याच सायंकाळी ते पंख मी विहिरीमागे जाळून टाकले.

पुढे शिक्षक झाल्यावर आरंभीच्या विमानांचा इतिहास वाचताना ती सायंकाळ मला वारंवार आठवे. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल यांनी १८९१ पासून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. त्यांचे यंत्र बिनइंजिनाचे. तोल सांभाळावयाचा तो केवळ शरीर इकडे-तिकडे झुकवून. ९ ऑगस्ट १८९६ रोजी यंत्राचे नाक वर गेले, वेग मंदावला, पंखांना हवेचा आधार मिळेना, आणि ते सुमारे पन्नास फुटांवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. १८९९ मध्ये इंग्लंडात पर्सी पिल्चर यांच्या यंत्राची शेपटी हवेतच मोडली व तेही गेले.

राइट बंधूंनी या मृत्यूंपासून बोध घेतला. केवळ अंग झुकवून भागणार नाही, पंखच वळविता आले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. तरीही १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाचा पंखा तडकला, त्याचा आघात सुकाणूच्या तारेवर झाला आणि विमान कोसळले. सोबतचे लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानातील अपघाताचा हा पहिला बळी. ऑर्व्हिल यांची मांडी मोडली. परंतु कारणाचा शोध त्यांनी सोडला नाही. जुलै १९०९ मध्ये सुधारलेल्या विमानातून ते त्याच मैदानावर पुन्हा उडाले आणि सैन्याच्या कसोटीस उतरले.

त्यांनी मोडलेले तुकडे तपासले. मी माझे जाळले. हा फरक मला फार बोचला.

गेल्या चवथीला भाऊ घरी आला, तेव्हा मी त्याच्यापाशी सारे कबूल केले. तो हसून म्हणाला, "डावीकडची कामटी आधीच तडकलेली होती. उडी मारण्यापूर्वीच मी ती पाहिली होती. पण तू बांधलेले पंख मोडतील असे मला वाटलेच नाही."

आईला मात्र खरे सांगावयाचे राहूनच गेले. ती आज नाही.

विद्यार्थिमित्रांनो, पडण्यात लाज नाही. पण पडल्यावर कोणी कारण विचारील, तेव्हा मोडलेली कामटी दाखवा. पुढे उडणाऱ्याचा जीव कदाचित तेवढ्यानेच वाचेल.