सोमा

लाकडाचे सात तुकडे. सहा तुकड्यांत प्रत्येकी चार लहान घन, सातव्यात तीनच. सगळे मिळून २७. नीट बसले की तीन बाय तीन बाय तीनचा भरीव ठोकळा तयार होतो. त्याच्या २४० वेगवेगळ्या रचना आहेत, आणि तरीही पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला बहुधा एकही लवकर सापडत नाही. हा सोमा. डेन्मार्कच्या पीट हाइनला तो १९३३ साली सुचला, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गचं व्याख्यान ऐकता ऐकता, असं सांगतात.

सोमा अबोल आहे आणि हट्टीही. सहा तुकडे मुकाट्याने बसतात, सातवा अडून राहतो, मग सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. पण तो कुणाला बोलावत नाही, धरूनही ठेवत नाही. म्हणूनच माणसाच्या आवडीबद्दलची त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

ही साक्ष एडवर्ड डेसी या तरुण मानसशास्त्रज्ञाने घेतली. निष्कर्ष छापून आले १९७१ साली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर सोमा ठेवला, कागदावरच्या आकृत्या जुळवायला सांगितल्या. दुसऱ्या बैठकीत निम्म्यांना प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर मिळाला. प्रत्येक बैठकीत प्रयोग घेणारा मध्येच आठ मिनिटं बाहेर जाई. खोलीत मासिकं होती. वाचा, खेळा, नुसते बसा. खरी नोंद व्हायची ती याच आठ मिनिटांची: कुणी बघत नाही असं वाटत असताना हात सोमाकडे किती वेळ जातात? डॉलरच्या दिवशी ते जास्त गेले. तिसऱ्या बैठकीत डॉलर बंद झाला, आणि त्याच मुलांचे हात पहिल्या दिवसापेक्षाही कमी वळले. ज्यांना कधी पैसे मिळालेच नव्हते, त्यांची ओढ अशी ओसरली नाही.

विद्यार्थी अवघे २४. एवढ्यावर सिद्धान्त उभा राहत नाही, आणि वाद पुढे अनेक वर्षं चालला. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासले: मुळात आवडणाऱ्या कामावर आधीच कबूल केलेलं बक्षीस लावलं की आवड कमी होते. सगळ्यांना ते पटलं नाही. मला पटतं. मात्र यातला 'आवडणाऱ्या' हा शब्द कुणी गाळू नये. जे काम मुळातच कंटाळवाणं आहे त्याची आवड मरायची भीती नसते, आणि कष्टाची मजुरी कापायला तर हा प्रयोग कधीच पुढे करू नये.

डेसीच्याच आणखी एका प्रयोगात डॉलरऐवजी नुसती शाबासकी होती, आणि तिथे ओढ टिकली. पुढे रिचर्ड रायनबरोबर त्याने माणसाच्या तीन गरजा मांडल्या: आपल्या मर्जीने करणं, जमतंय असं वाटणं, कुणाशी तरी जोडलेलं असणं. पहिल्या दोन सोमा एकटा भागवतो. तिसरीसाठी शेजारी कुणीतरी बसावं लागतं, आणि एकाच तुकड्यावर दोघांनी हक्क सांगावा लागतो.